खण, माळवद आणि घरकुल

आमच्या धाराशिव जिल्ह्यात जुन्या माणसांना घर केवढे आहे असे विचारले, तर ते चौरस फुटांत उत्तर देत नाहीत. तीन खणांचे, पाच खणांचे, असे सांगतात. खांबांच्या दोन ओळींमधील एक गाळा म्हणजे एक खण. त्याची रुंदी घरधन्याच्या इच्छेवर अवलंबून नसे; हाती आलेली तुळई जेवढी लांब, तेवढाच खण रुंद. म्हणजे घराचे माप जागा ठरवीत नव्हती, लाकूड ठरवीत होते. अर्थशास्त्राच्या वर्गात दुर्मिळतेचा सिद्धान्त शिकविताना मी हे उदाहरण देते, आणि वर्गातील निम्म्या मुलांना खण म्हणजे चोळीचा खण एवढेच ठाऊक असल्याचे दरवर्षी आढळते.

बालाघाटच्या या पठारावर दगड मुबलक, माती मुबलक, उन्हाळ्यात शेतीची कामे संपली की रिकामे हातही मुबलक. कमी ते फक्त लाकूड. या बाजारभावातूनच माळवदाचे घर जन्माला आले. दोन ते तीन फूट रुंदीच्या काळ्या दगडाच्या भिंती, त्यांचे दर्शनी थर नीट घडविलेले, मधल्या पोकळीत गोटे व चिखल. वर तुळया, तुळयांवर कडीपाट किंवा निव्वळ काटक्या व पाला, आणि त्यावर फूटभर पांढरी माती. शेत ती काळी आणि गावठाण ती पांढरी, ही आपल्या ग्रामव्यवस्थेतील जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. ही पांढरी भिजली की आवळून बसते व पाणी खाली उतरू देत नाही, म्हणून मृगाच्या आधी माळवदावर तिचा नवा थर पडे. रोख पैसा जवळजवळ न लागता, केवळ स्वतःच्या श्रमावर दुरुस्त होणारे असे छप्पर दुसरे नाही.

अशा घरात वैशाखातही दुपारी झोप लागे. छतातल्या साण्यातून उजेडाचा एक झोत खाली येई, धूर वर जाई. भिंतीच्या पोटात बळद, अंगणात पेव. कुटुंबाच्या वर्षाच्या ज्वारीचे कोठार घरातच असे. माळवदावर शेवया, कुरडया, मिरच्या वाळत आणि रात्री तेथेच अंथरुणे पडत. बँक, गोदाम, कारखाना आणि शयनगृह यांची कामे एकच वास्तू करीत होती. (विंचू आणि उंदीर यांचाही तीत वाटा असे, हे गतकाळाच्या भक्तांनी विसरू नये.)

निवाऱ्याचा हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार जुना आहे. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांत विहाराच्या कडेच्या कोठड्या पाहाव्यात. एका माणसाला अंग टाकण्यापुरती जागा, आणि उन्हाळ्यातही तेथे गारवा. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी ग्रंथ ‘पेरिप्लस’मध्ये पैठणबरोबर त्याचे नाव येते, येथील कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. तेरच्या जुन्या मंदिरांच्या बांधकामातील विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या असल्याची ख्याती आहे. वजन कमी करण्याची ही विद्या या मातीत एके काळी होती, एवढे येथे नोंदवून ठेवू. याच गावच्या पांढरीच्या टेकाडांतून लोक शेतासाठी माती उकरून नेत आणि त्या मातीत मणी, नाणी, मूर्ती सापडत. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी असा ठेवा जपून ठेवला व त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. संत गोरोबाकाकांचे घरही तेरला दाखविले जाते. चिखल तुडविण्यात देहभान विसरलेल्या त्या कुंभाराचे घर मातीचेच असणार, दुसरे कशाचे?

सत्ताधीशांना उन्हाळ्यावर अन्य उपाय परवडत. नळदुर्गला बोरी नदीवर बंधारा घालून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास, त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. माथ्यावरून नदी कोसळते आणि आतील दालने कोरडी व थंड राहतात. शेतकऱ्याने तोच गारवा भिंतीच्या जाडीतून मिळविला. मधल्या थरात देशमुख-पाटलांच्या गढ्या व वाडे आले: ढेलज, चौक, सोपा, माजघर अशी एकामागून एक खोल होत जाणारी रचना, जीत माणसाचा दर्जा तो कोठवर आत येऊ शकतो यावरून कळे. आणि या साऱ्याच्या बाहेर, गावकुसापलीकडे, तुराट्यांचा कूड आणि पाचटाचे छप्पर. ज्यांनी वाड्यांचे दगड वाहिले त्यांच्या वाट्याला खण नव्हता. ते छप्पर इतिहासजमा झाले असे कोणी समजू नये. आजही जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोप्यांतच हंगाम काढतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, या गृहरचनेचा हिशेब एका क्षणात झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक दमून झोपले होते. भूकंपाच्या नकाशावर हा प्रदेश तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूरचा परिसर जमीनदोस्त झाला. शासकीय नोंदीनुसार मृतांची संख्या ७,९०० हून अधिक आहे. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती, आणि एवढ्या भूकंपात इतकी माणसे मरण्याचे कारण जमिनीपेक्षा घरांत अधिक होते. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तुळजापूर तालुक्यातील आमच्या पाच खणी घराची मागची भिंत पोट फुगवून उभी राहिली, पडली नाही. त्यानंतर कित्येक महिने आम्ही अंगणात झोपत होतो.

त्या दिवसापासून सर्वांच्या मनात एक समीकरण पक्के बसले: दगड-माती म्हणजे मृत्यू, सिमेंट म्हणजे जीवन. हे समीकरण अर्धेच खरे आहे. दहा फूट लांब व तितक्याच रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे सुमारे साडेचार टन वजन होते. दरवर्षी गळती थांबविण्यासाठी वर नवा थर पडला आणि खालचा जुना काढण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, तर काही वर्षांनी ते दुप्पट होते. स्वस्त दुरुस्तीचे हे कर्ज डोक्यावर साचत होते, आणि त्याचे खाते कोणी लिहीत नव्हते. भिंतीचे दोन्ही थर एकत्र सांधणारे आरपार दगड घालणेही हळूहळू सुटले. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट लाकडाची. अभियंत्यांनी नंतर पाहणी केली तेव्हा असे दिसले की, जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती कोसळूनही पुष्कळ ठिकाणी छप्पर तोलून राहिले आणि खालची माणसे वाचली. जेथे खांबांचा खर्च वाचवून तुळया सरळ भिंतींवर टेकविल्या होत्या, तेथे भिंतीबरोबर सारे खाली आले. खण असलेली घरे आणि खण नसलेली घरे, असा हा भेद आहे. गरिबी वाढली, लाकूड महागले आणि घरातून पहिल्यांदा खांब गेला. परंपरेवर खटला भरताना आपण ही साक्ष काढलीच नाही.

पुनर्वसनाचे काम जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने झाले आणि ते लहान नव्हते. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. घराचा आकार मात्र जमिनीवरून ठरला: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या धारकास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, त्याहून मोठ्या शेतकऱ्यास ७५०. भूकंपाने सर्वांना एकाच पातळीवर आणले होते. शासनाने सातबारा काढून पुन्हा पायऱ्या बांधल्या. भूमिहीनास घर लहान लागते, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? उलट ज्याला शेत नाही, त्याची शेळी, सरपण, हत्यारे आणि म्हातारी माणसे सारी घरातच राहावयाची असतात. २०१६ मध्ये केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेने किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविले, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. तेवीस वर्षांत गरिबाच्या घराने १९ चौरस फुटांची प्रगती केली!

जी गावे हलली नाहीत तेथे सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीचा कार्यक्रम होता. माझ्या मते साऱ्या पुनर्वसनातील हा अधिक मोलाचा भाग. माळवदाची माती उतरवून हलकी करणे, भिंतींत आरपार दगड वा काँक्रीटचे सांधे घालणे, दारांच्या वर भिंतीभोवती पट्टा फिरविणे, खांब व तुळई यांच्या कोनात तिरप्या पट्ट्या ठोकणे. गावच्या गवंड्याला व सुताराला जमणारी ही कामे होती. तथापि पुष्कळांनी त्या मदतीतून जुन्या घराला हात न लावता शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. भीती समजण्यासारखी होती. पण त्यामुळे ती विद्या सरकारी पुस्तिकेत राहिली, गवंड्याच्या हातात उतरली नाही.

आज गावोगाव दिसते ते पत्र्याचे अगर स्लॅबचे घर. पत्रा कोसळला तरी माणूस मरत नाही, हे त्याचे मोठेपण मी नाकारीत नाही. परंतु एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की दुपारी त्याखाली बसवत नाही. पंखा हवा, कूलर हवा, विजेचे बिल हवे, आणि भारनियमन असेल तर लिंबाची सावली हवी. पूर्वी घर बांधताना जो गारवा एकदाच मिळत होता, तो आता दर महिन्याला विकत घ्यावा लागतो. ज्वारी साठवायला जागा नाही म्हणून ती सुगीतच, पडत्या भावात, आडत्याकडे जाते. घराच्या आकाराचा आणि बाजारभावाचा हा संबंध आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही.

त्यात ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ या शासकीय शब्दांनी भर घातली. मातीचे छप्पर ते कच्चे, मग खालचे सागवानी खांब शंभर वर्षे उभे असोत. चार इंची विटांची गळकी खोली, वर स्लॅब असला की पक्की. साहजिकच धड माळवद दुरुस्त करण्यासाठी योजनेतून पैसा मिळत नाही. ते पाडून नवे बांधण्यासाठी मिळू शकतो. केंद्राच्या योजनेत मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. त्यातील थोडा अंश जरी दुरुस्तीसाठी खुला ठेवला आणि मजबुतीच्या कामांचे दर जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात घातले, तरी त्यातून गवंड्यांना काम आणि घरांना आयुष्य मिळेल.

हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ व्याख्यानाचा राहिलेला नाही. माहेरचे ते पाच खणांचे घर पाडावे असे माझ्या थोरल्या भावाने ठरविले आहे. मुलीचाही वडिलोपार्जित मिळकतीत हक्क असल्याने त्याला माझी सही हवी. खांब, तुळया आणि कोरीव चौकट यांसाठी शहरातला एक व्यापारी येऊन गेला. त्याने सांगितलेली रक्कम नव्या स्लॅबच्या खर्चाला बराच हातभार लावील. म्हणजे आमच्या घरातील ज्या वस्तूने १९९३ साली आम्हाला वाचविले, तिचीच बाजारात किंमत आहे, भिंतींची नाही. भावाचे म्हणणे खोटे नाही. तेथे राहतो तो. पावसाळ्यात रात्री उठून पातेली मांडतो तो. मी सुट्टीत जाणारी. मी एवढेच सुचविले की पुढचे तीन खण त्याने खुशाल उतरवावेत, मागचे दोन ठेवावेत, त्यांवरची माती काढून हलके छप्पर घालावे आणि फुगलेली भिंत नव्याने, सांधे घालून रचावी. खर्च मी देईन. गावात असे काम जाणणारा एकच गवंडी उरला आहे, सत्तरी ओलांडलेला. तो येऊन भिंत हाताने चाचपून गेला, आणि दगड खाली उतरवायला आपल्याला दोन तरणे गडी लागतील असे म्हणाला. ते अजून मिळालेले नाहीत.