लोड आला की मान टाकणारं इंजिन

माधवनगरच्या पुढं, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या उसात आमचा तण काढायचा पॉवर विडर परवा पाच-सहा वेळा बंद पडला. बांधावर उभा असला की झकास चालायचा. सरीत घातला आणि पाती हराळीत रुतली की चार पावलांत आवाज बसायचा, एकदा खोकायचा, गप्प. दोरी ओढली की पहिल्याच हिसक्यात पुन्हा सुरू! मला वाटलं, इंजिनातला दमच गेला. इंजिन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चोक अर्धा ओढून बघितला का?" नव्हता बघितला. ओढला, आणि तेच इंजिन त्याच सरीत कुरकुरत का होईना, टोकापर्यंत गेलं.

चोक म्हणजे हवा अडवणारी झडप. हवा अडवली तर जोर वाढला. हे कसं, ते कळल्यापासून मी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या त्या मुठीएवढ्या कार्बुरेटरकडं वेगळ्याच आदरानं बघतो.

त्याच्या आत हवेची वाट मध्येच अरुंद होते. अरुंद जागेत हवा वेग घेते आणि वेग घेतला की तिचा दाब उतरतो. वाहत्या पाण्यातली हीच गोष्ट इटलीच्या व्हेंचुरींनी १७९७ साली लिहून ठेवली. नेमकं त्या अरुंद जागी खालच्या पेट्रोलच्या वाटीतून आलेल्या नळीचं तोंड असतं. दाब उतरला की पेट्रोल आपसूक वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. पंप नाही, वायर नाही. नळीच्या बुडाशी पितळेचा मेन जेट. त्याचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक. दोनशे सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला ३० वेळा ते हवा-पेट्रोलचा घास घेतं. पूर्ण जोरावरही एका घासातलं पेट्रोल जेमतेम थेंबभर असतं, आणि शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला हवा त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट लागते. हे माप सेकंदाला तीस वेळा जुळतं, ते त्या एका भोकाच्या जिवावर.

मग बांधावर का चालायचं? रिकामं चालताना हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. तेव्हाचं पेट्रोल मुख्यतः दुसऱ्याच वाटेनं, झडपेजवळच्या बारीक छिद्रातून येतं. पाती रुतली की फेरे उतरतात. वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची फिरती वजनं मिटतात आणि त्याची स्प्रिंग झडप सताड उघडते. जेम्स वॉटनं १७८८ साली वाफेच्या इंजिनाला लावलेली हीच युक्ती. आता सगळी मदार मेन जेटवर. तो तुंबला असेल तर हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरं. मदतीला उघडलेल्या दारातूनच इंजिनाची उपासमार होते. म्हणून "स्लोला तर छान चालतंय" या वाक्याला मी आता काडीचीही किंमत देत नाही. स्लोचं इंजिन आणि लोडचं इंजिन वेगवेगळ्या वाटांनी जेवतात. चोक अर्धा ओढला की पिस्टनची ओढ त्या नळीवर जास्त येते आणि अर्धवट तुंबलेल्या भोकातूनही पेट्रोल खेचलं जातं. चोकनं सुधारलं तर भूक पेट्रोलची. उलट काळा धूर येऊन आणखी गुदमरलं, तर एअर फिल्टर मातीनं भरलाय का ते बघायचं.

टाकीच्या झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलं तरी दहा-पंधरा मिनिटांनी असंच होतं. झाकण सैल करताच फुस्स आवाज येतो आणि इंजिन सुधारतं. पण मला खरं थक्क करतो तो प्लग. बाहेर काढून बघा, ठिणगी लख्ख. आत मात्र लोडला झडप उघडी, सिलिंडर भरलेला, दाबलेली हवा दाट. आणि दाट हवेतून ठिणगीला उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीला व्होल्टेज पुरवणारी कॉईल दुबळी असेल तर नेमकी तिथंच हरते. उघड्यावरची ठिणगी दाट हवेची परीक्षा देतच नाही.

आमचा दोष जेटचाच निघाला. इंजिन गार झाल्यावर कॉक बंद करून मिस्त्रींनी वाटी उतरवली. पेट्रोलच्या तळाशी मण्यासारखा एक वेगळाच थेंब इकडून तिकडं घरंगळत होता. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते पाणी ओढून घेतं. पावसाळाभर टाकी अर्धी ठेवली तर पुरेसं पाणी साठताच इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात, आणि वाटीकडं जाणारी नळी तळातूनच निघते. हे इथेनॉल काही धान्याचं, काही उसाच्या रसाचं नि मळीचं. उसातली हराळी काढणाऱ्या यंत्राच्या पोटात ऊसही असतो, हे मला त्या थेंबाकडं बघताना पहिल्यांदा जाणवलं.

जेटमध्ये तार घालायला निघालो तर त्यांनी हात धरला. "भोक मोठं होतं, साहेब. मग माप गेलं." जुन्या ब्रशचा एक केस, पेट्रोल आणि हवेचा झोत, एवढ्यावर काम झालं. मग त्यांनी जेट डोळ्यासमोर धरून आभाळाकडं रोखला आणि माझ्या हातात दिला. पितळेच्या मधोमध उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसत होता.