चैत्रगौरीचे पन्हे आणि पेल्याखालचे आसन

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, तिची पाठवणी होते. या महिनाभरात महाराष्ट्रातील घराघरांतून हळदीकुंकवाचा सोहळा होतो. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली जाते, आंबेडाळ आणि कलिंगडाच्या फोडी पुढे येतात, आणि उन्हातून आलेल्या सुवासिनीच्या हाती वेलदोड्याच्या वासाचे थंडगार पन्हे दिले जाते. या सोहळ्यात पन्ह्याला जे स्थान आहे ते केवळ जिभेच्या कौतुकापोटी नव्हे. चैत्र-वैशाखात तहानलेल्यास पाणी देणे हे आपल्या धर्मशास्त्राने पुण्यकर्म मानले आहे. काशिनाथशास्त्री उपाध्याय यांनी १७९० साली सिद्ध केलेल्या 'धर्मसिंधु'त प्रपादानाचा, म्हणजे पाणपोई घालण्याचा विचार आला आहे, आणि अक्षय्य तृतीयेचे उदककुंभदान तर सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्यास पाणपोई घालणे शक्य नाही, त्याने दारी आलेल्यास एक पेला गार पेय प्रेमाने द्यावे. चैत्रगौरीचे पन्हे ही घरगुती पाणपोईच होय.

या पेल्याखाली काय असावे, असा प्रश्न कोणी केला तर वाचकांस तो क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत कीर्तनाच्या निमित्ताने पवईस जाणे झाले, तेव्हा तेथील भगिनींनी हाच प्रश्न आम्हांस कळकळीने विचारला. पन्ह्याच्या पेल्यास बाहेरून पाझर सुटतो आणि मेजावर ओली वर्तुळे उमटतात. ती उमटू नयेत म्हणून या भगिनी सुती जाळीदार कापडावर, ज्यास बाजारात मॅटी म्हणतात, क्रॉस-स्टिचने म्हणजे फुलीच्या टाक्याने लहान लहान चौकोन भरतात. त्यांस नव्या पिढीत कोस्टर हे नाव रूढ झाले आहे. त्यांवर कोणती नक्षी काढावी? चैत्रांगणातील शुभचिन्हे काढली तर चालतील काय? त्यांवर उष्टा पेला ठेवला तर दोष लागेल काय? भाव शुद्ध असल्याखेरीज असा प्रश्न मनात येत नाही; म्हणून त्याचे उत्तरही विचारपूर्वक द्यावयास हवे.

आधाराचे माहात्म्य

पात्रास आसन देणे ही कल्पना परकी नाही. देवघरातील शंख आपण भुईवर ठेवीत नाही, त्यास अडणी असते. पाण्याच्या घागरीस चुंबळ असते. पूजेतील कलश पाटावर, तांदळाच्या राशीवर बसतो आणि त्या पाटावर आधी स्वस्तिक रेखिले जाते. श्रीविद्येच्या उपासनेत तर पात्रासादन हा स्वतंत्र विधीच आहे. तेथे प्रथम मंडल रेखून त्यावर आधार ठेवितात, मग आधारावर पात्र, आणि पात्रात जल. आधार हा अग्नीच्या १० कलांनी, पात्र हे सूर्याच्या १२ कलांनी आणि आतील द्रव हा चंद्राच्या १६ कलांनी युक्त मानून तिघांचीही पूजा होते. ज्या परंपरेने पेल्याखालच्या बैठकीस अग्नीचे तेज दिले, तिच्यात वाढलेल्या गृहिणीने त्या बैठकीची चिंता वाहावी हे यथोचितच म्हणावे लागेल.

फुलीचा टाकाही आपणांस नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील बर्लिन शहरात चौकटीच्या कागदावर नमुने छापू लागले आणि तेथून मोजून भरण्याची ही पद्धत जगभर पसरली, हे खरे. परंतु आपल्या शेजारी धारवाड-बेळगाव भागात कशिदा किंवा कसुती नावाचे मोजून भरण्याचे काम फार पूर्वीपासून चालत आले आहे. त्यात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके असतात. मेंथी म्हणजे मेथीचा दाणा. हा मेंथी टाका म्हणजेच आपली फुली. काळ्या चंद्रकळेवर याच कामाने गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, राघू, मोर आणि हंस उमटत असत. मराठी सीमाभागातील अनेक घरांच्या पेट्यांत अशी लुगडी आजही जपलेली सापडतील. नक्षीच्या शोधात असलेल्या भगिनींनी परदेशी पुस्तके चाळण्यापूर्वी आजीची पेटी उघडावी, ही आमची पहिली सूचना.

रांगोळी आणि कापड

दुसरा मोठा ठेवा चैत्रांगणाचा. चैत्रात अंगणी जी रांगोळी काढतात तिच्यात गौरीचा झोपाळा, सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्म, लक्ष्मीची पावले, तुळशीवृंदावन, नाग, गरुड, कासव, हत्ती, आंबा, केळ, फणी, करंडा अशी सुमारे ५० चिन्हे येतात. ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या हातास घरे मोजून फुल्या भरणे अवघड नाही. दोहोंचे गणित एकच. त्यामुळे चैत्रांगण जसेच्या तसे कापडावर उतरविण्याचा मोह होतो. परंतु येथे थोडे थांबावे.

रांगोळी ही क्षणजीवी आहे. सकाळी रेखिली, सायंकाळी आदराने पुसली. तिची अवहेलना होण्यास वेळच मिळत नाही. कापड मात्र टिकते. ते धुतले जाते, विटते, विरते, आणि एके दिवशी घरातील पुसण्यांत जाऊन पडते. आज मेजावर मिरविणारे चिन्ह दहा वर्षांनी कोठे असेल, याचा विचार सुईत दोरा ओवण्यापूर्वीच करावयास हवा. पानाभोवती रांगोळीची महिरप काढितात, पण अन्न तिच्यावर सांडत नाही. कलशाखाली स्वस्तिक असते, पण तो कलश कोणी ओठाला लावीत नाही. चिन्हाच्या सन्निध बसणे वेगळे आणि चिन्हावर उष्टे ठेवणे वेगळे, हा विवेक आपल्या आयाबायांनी न शिकविता पाळला.

या संदर्भात एका घरची हकिकत सांगण्यासारखी आहे. सुनेने सहा महिने खपून सहा कोस्टरांवर लक्ष्मीची पावले भरली होती. हळदीकुंकवाच्या दिवशी तिने ती मेजावर मांडली, तो सासूबाईंनी पन्ह्याचे तबक हातीच धरून ठेविले. सून म्हणाली, "आई, मी हे देवीसाठीच भरले आहे हो." सासूबाई म्हणाल्या, "अगं, म्हणूनच तर त्यावर उष्टा पेला ठेववत नाही." दोघींचेही डोळे भरून आले. एकीस आपले श्रम वाया गेल्याचे दुःख, तर दुसरीस आपण ते घालविल्याचे. शेवटी ते सहाही चौकोन एकमेकांस जोडून त्यांची पट्टी झाली आणि ती गौरीच्या झोपाळ्यापुढे नैवेद्याच्या वाटीखाली अंथरली गेली. पुढील वर्षी सुनेने पाहुण्यांसाठी कैऱ्या भरल्या आणि दोरे निवडावयास सासूबाई शेजारी बसल्या. श्रम वाया गेले नाहीत. त्यांस योग्य स्थान तेवढे मिळाले.

काय भरावे, काय टाळावे

यावरून आम्ही साधी मर्यादा सांगतो. देवतेची मूर्ती, देवतेचे नाम, ओंकार, पावले, गोपद्म आणि आयुधे ही उष्ट्या पेल्याखाली नसावीत. स्वस्तिक आणि तुळशीवृंदावन ही देवाच्या पाण्याच्या तांब्याखाली आणि नैवेद्याच्या वाटीखाली शोभतात. त्यांचा एक स्वतंत्र जोड करून देवघरात ठेवावा. पाहुण्यांच्या पेल्यांसाठी सृष्टीकडे वळावे. कैरी, आंब्याचा डहाळा, मोगऱ्याची कळी, केळीचे पान, राघू, मोर, अंबारीचा हत्ती यांत मांगल्य आहे आणि अवमानाचे भयही नाही.

कासवाविषयी मतभेद संभवतो, कारण कूर्म हा विष्णूचा अवतार. परंतु देवळाच्या सभामंडपात कासव जमिनीवरच कोरलेले असते. समुद्रमंथनात मंदराचलाचा भार पाठीवर घेऊन अमृत वर येईपर्यंत जे स्थिर राहिले ते कासवच. आधार होणे हाच त्याचा धर्म. त्यास मुकुट, गंध न काढता साधा जलचर म्हणून दाखविल्यास आम्हांस त्यात अनौचित्य दिसत नाही. तरीही ज्या घरातील वडीलधाऱ्यांस ते रुचणार नाही, तेथे कुलाचार श्रेष्ठ मानावा.

पवईच्या भगिनींस आम्ही कमळ सुचविले. तेथील तलावाकाठी, आयआयटीच्या परिसरात, पद्मावती देवीचे प्राचीन स्थान आहे. १९५८ साली ही संस्था स्थापन झाली, त्यापूर्वीपासून देवी तेथे आहे. १८९१ च्या सुमारास बांधलेला तो तलाव मुंबईस पाणी पुरविण्यासाठी होता, पण त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही. पिण्याजोगे पाणी किती मोलाचे, याचे भान देण्यास एवढे पुरे आहे. जिचे नावच पद्मावती, तिच्या गावी पाण्याच्या पेल्याखाली कमळ असावे यापरते औचित्य कोणते? कमळास पाणी चिकटत नाही, हा दृष्टांत तर कीर्तनात आम्ही नेहमीच देतो. पद्म हे चैत्रांगणातही आहे. परंतु देवीच्या हातातील पद्म न काढता तळ्यातील कमळ, देठ व पानासह, काढावे म्हणजे मर्यादाही राहते.

घरांचे गणित

आता थोडे व्यवहाराचे. चार इंचांचा चौकोन घेतला आणि चारी बाजूंस अर्धा इंच कोरा सोडला, तर नक्षीस तीन इंच उरतात. इंचास १४ घरांच्या कापडावर ती ४२ घरे होतात. ११ घरांच्या कापडावर ३३. पेल्याचा बूड साधारण दोन इंचांचा, म्हणजे १४ घरांच्या कापडावर मधली २८ घरे झाकली जाणार. उरली दोन्ही बाजूंस सात-सात घरे. म्हणून काठावर आंब्याच्या पानांचे तोरण किंवा कोपऱ्यांत चार कोयऱ्या घ्याव्यात, त्या पेला असतानाही दिसतात. मधोमध एकच लहान कमळ ठेवावे, ते पेला उचलल्यावर दृष्टीस पडते.

संपूर्ण चौकोन भरावयाचा म्हटला तर ४२ गुणिले ४२ म्हणजे १७६४ फुल्या, आणि सहांच्या संचास दहा हजारांहून अधिक. तेव्हा पार्श्वभूमी कोरीच सोडावी. पांढरे कोरे कापड पाझरही चांगला शोषून घेते. घरांच्या कापडावर गोलाई पायऱ्यांसारखी होते, हे ध्यानी ठेवून वळणदार नक्षीऐवजी दोन्ही बाजू सारख्या असलेली नक्षी निवडावी. समोरून दिसणारे कमळ आणि कासवाची चौकटीची पाठ या कामास उत्तम.

दोरा सहापदरी असतो; त्यातील दोन पदर पुरेत. फुलीचा वरचा टाका सर्वत्र एकाच दिशेस कलता असावा, नाही तर नक्षी विस्कटल्यासारखी दिसते. मागे गाठ मारू नये, टाक्यांखालून दोरा काढून घ्यावा. गाठ असली की पेला डुगडुगतो. तांबडा दोरा आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग सुटला तर तो दोरा वापरू नये, कारण हे कापड रोज ओले होणार आहे. केशरी पन्ह्याचा आणि कोकमाच्या सरबताचा डाग पडताच गार पाण्यात धुवावा. मागे सुती अस्तर लावावे.

आणखी एक गोष्ट कीर्तनकाराच्या नात्याने सांगतो. नक्षी निवडताना ३२४ फुल्यांच्या आसपास निवडावी. १०८ मण्यांच्या तीन माळांइतकी ती संख्या होते. प्रत्येक फुलीस मनात एक नाम घेतले तर कोस्टर पुरा होईतो तीन माळा होतात. ते नाम कापडावर लिहिलेले नसते, म्हणून त्याचा अवमानही होत नाही. ते भरणारीच्या ठायी राहते.

अतिथीस देव मानणारी आपली संस्कृती आहे. येत्या चैत्रात आपल्या घरी येणारी प्रत्येक सुवासिनी गौरीचेच रूप समजावे, तिची तहान प्रथम पाहावी आणि नक्षी मागाहून. एखादी बालिका पेला थेट मेजावर ठेवील, एखादीच्या हातून पन्हे नव्या कोस्टरवर सांडेल. त्या वेळी कपाळास आठी पडू देऊ नये. कापड धुता येते, दुखावलेले मन धुता येत नाही. ज्या घरी पेला हसतमुखाने भरला जातो, त्या घरी जगदंबा झोपाळ्यावर सुखाने झुलो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.