दुसरा कॅमेरा

पनवेल आणि आसपासच्या गावांत लग्नाचे फोटो काढण्याचे काम आम्ही दोघी बहिणी करतो. तेही फक्त बायकांच्या बाजूचे. हळद, मेंदी, नवरीची तयारी, रुखसती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना तुम्हाला कोण बोलावते, असे विचारणारे भेटतात. बोलावतात ते मोबाइलमुळेच. मेंदीच्या रात्री काढलेला नवरीचा फोटो सकाळपर्यंत कुठल्या कुठल्या ग्रुपवर पोहोचतो, हे ज्या घराने एकदा अनुभवले, त्या घरातली आई पुढच्या मुलीच्या वेळी सावध असते.

आम्ही फिल्मवर फोटो काढतो. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच धुतो, प्रिंट घरीच काढतो आणि निगेटिव्ह नवरीच्या आईच्या हातात देतो. आमच्याकडे काही उरत नाही. रंगीत रोल घेत नाही, कारण तो लॅबमध्ये द्यावा लागतो आणि तिथे तो कोण पाहील हे आपल्या हातात नसते. (फोटो काढणे जायज की नाजायज हा आलिम मंडळींचा विषय. ज्या घरांत फोटो निघतातच, तिथे ते जपून निघावेत, एवढेच आमचे म्हणणे.)

आमचा कॅमेरा मामिया सी-३३०. १९६९ साली बाजारात आलेले हे जपानी मॉडेल. त्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरच्यातून आपण पाहायचे, खालच्यातून फोटो निघतो. त्याला १२० नंबरची फिल्म लागते. ही फिल्म कोडॅकने १९०१ साली आणली आणि ती अजून मिळते. आपल्याकडे जुन्या घरांत बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री असायचा, त्याचीही फिल्म हीच. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा एकेका फोटोचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त, त्यामुळे मोठ्या प्रिंटमध्येही डोळ्यांतले काजळ स्पष्ट दिसते. बाईने असला कॅमेरा गळ्यात अडकवणे नवीन नाही. होमाई व्यारावाला यांनी मुंबईत जे. जे. स्कूलला शिकून रोलीफ्लेक्सवर वृत्तपत्रांचे फोटो काढले, तो काळ स्वातंत्र्याच्याही आधीचा.

मग एका लग्नात आमचा कॅमेरा पडला. आम्ही रोल बदलून तो खुर्चीवर ठेवला आणि नवरीचा दुपट्टा नीट करायला वळलो. तेवढ्यात एका चिमुरड्याने लोंबणारा पट्टा ओढला. पुढची भिंगांची चौकट वाकली, मागचे झाकण उघडले, आतली फिल्म उजेडात गेली. चूक आमचीच. पट्टा लोंबता ठेवायचा नसतो. पण खरे दुःख वेगळे होते. आमच्या शब्दावर नवरीच्या अम्मीने घरातल्या सगळ्या मुलींचे मोबाइल टोपलीत जमा करून टोपली कपाटात ठेवली होती. त्यामुळे त्या मुलीच्या रुखसतीचा एकही फोटो आज कुठेच नाही. त्या खाला आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुरुस्तीला दोन महिने लागले. तेवढ्यात ठरले, की आता एकाच कॅमेऱ्यावर कुणाचे लग्न घ्यायचे नाही.

दुसरा कॅमेरा घ्यायचा म्हटल्यावर पहिला मोह झाला तो हॅसलब्लाडचा. स्वीडनच्या या कॅमेऱ्याची फिल्मची पेटी मागून सुटी निघते. दोन पेट्या भरून ठेवल्या की रोल संपल्यावर क्षणात दुसरी लावता येते. बारा फोटोंवर लग्न काढणाऱ्याला याची किंमत विचारा! नवरी उंबऱ्यावर आणि आपण कोपऱ्यात रोल भरतोय, हे आमचे नेहमीचे. पण हॅसलब्लाड घेतला की भिंग त्याचे, पेटी त्याची, फिल्टर त्याचे. आमच्याकडचे काहीच त्याला बसणार नाही. दुसरा पर्याय याशिका मॅट-१२४जीचा. १९७० ते १९८६ या काळात बनलेला, चांगला आणि स्वस्त. पण त्याचे भिंग निघत नाही, आणि त्याचे फिल्टर खाचेत अडकवायचे असतात. आमचे ४६ मिलिमीटरचे, आट्यांचे. म्हणजे पुन्हा दोन संसार.

एका कॅमेऱ्याचे सामान दुसऱ्याला चालत नसेल, तर अडीनडीला त्याचा उपयोग अर्धाच. म्हणून आम्ही मामिया सी-२२० शोधायला लागलो. तो सी-३३०चाच धाकटा भाऊ. आमची ८० आणि १३५ मिलिमीटरची दोन्ही भिंगे त्याला बसतात. या घराण्यात शटर भिंगातच असते, त्यामुळे नुसती बॉडी घेतली तरी काम भागते. एकावर ८० लावायचे, खोलीभर माणसांसाठी. दुसऱ्यावर १३५, चेहऱ्यांसाठी. दोन्ही भरलेले. रोल भरण्याची धावपळही आपोआप निम्मी. दोघांनाही बॅटरी लागत नाही. प्रकाश मोजायला मात्र वेगळे मीटर हवे, ते आमच्याकडे होतेच.

पैसे दोन हंगामांत साठवले. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना अब्बांनी आठवण दिली, की कामाच्या अवजारावर जकात नाही. पण अवजारासाठी बाजूला ठेवलेली रक्कम निसाबात धरली जाते आणि वर्ष उलटले की तिच्यावर द्यावी लागते. ती दिली आणि मग निघालो.

पनवेलहून हार्बरची लोकल धरून शेवटच्या स्टेशनला, सीएसएमटीला उतरले, की बोरा बाजार पायी काही मिनिटांवर. कॅमेऱ्यांची ही जुनी गल्ली. आधी एकदा जुम्म्याच्या दिवशी चोर बाजारही पालथा घातला होता. तिथे कॅमेरे दिसतात पुष्कळ, पण बरेचसे दिवाणखान्यात मांडायच्या लायकीचे.

बोरा बाजारात एका म्हाताऱ्या चाचांकडे सी-२२०ची बॉडी निघाली. आम्ही टॉर्च घेऊनच गेलो होतो. मागचे झाकण उघडून कडेचा स्पंज पाहिला. जुना झाला की तो गुळासारखा चिकट होतो आणि उजेड आत सोडतो. जुना रोल भरून चावी फिरवली आणि प्रत्येक फोटोनंतर ती अडते का, ते तपासले. आमचे भिंग लावून पाहिले. भिंग बदलताना बाजूची कळ फिरवली की आत एक पडदा वर येऊन फिल्मवरचा उजेड अडवतो. तो पडदा अडखळत नव्हता. सगळे ठीक वाटले. आम्ही पैसे काढणार, एवढ्यात चाचा म्हणाले, “थांबा बेटी, ऐब सांगायचा राहिला.”

त्यांनी दुकानातला दिवा घालवला आणि कॅमेऱ्याच्या काळ्या भात्यात छोटा बल्ब धरला. या कॅमेऱ्याचा पुढचा भाग भात्यावर पुढे-मागे सरकतो. भात्याच्या कोपऱ्यात दोन बारीक चांदण्या चमकल्या. तेवढ्या छिद्रांतून उजेड शिरला, तर फोटोवर धुके येते. आमच्या टॉर्चला ती सापडली नव्हती. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणारी हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या अंधाऱ्या दुकानात ती आठवली. चाचांनी सोळा हजारांचे साडेचौदा केले, छिद्रांवर काळे कापड डकवून दिले, आणि एक रोल काढून पाहा, धुके आले तर परत आणा म्हणाले.

रोल वडाळे तलावाच्या काठावर भर उन्हात काढला. रात्री धुतला. बाराही फ्रेम स्वच्छ.

बाकीचे सामान किरकोळ, पण घेऊनच ठेवावे असे. फ्लॅशची जास्तीची तार घेतली, कारण सगळ्यात स्वस्त आणि ऐनवेळी सगळ्यात आधी दगा देणारी वस्तू तीच. बॉडीच्या तोंडाला झाकण. आखूड पट्टा, लोंबू नये असा. दोन्ही कॅमेरे आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात. पनवेलच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि चामड्याच्या केसमध्ये तर ओल कोंडूनच राहते. सी-२२०ची एक सवय मात्र लावून घ्यावी लागली. सी-३३०मध्ये चावी फिरवताना शटर आपोआप चढते, इथे ते दर वेळी भिंगाच्या बाजूला हाताने चढवावे लागते. विसरलो, तर बटण दाबूनही फोटो निघत नाही. धाकटीने भिंगाच्या कडेला लाल टिकली चिकटवली आहे.

गेल्या महिन्यात त्याच खालांच्या धाकट्या मुलीचे लग्न होते. त्यांनी बोलावले, तेव्हा आम्हालाच आश्चर्य वाटले. दारात त्यांनी आमच्या गळ्यांतले दोन कॅमेरे पाहिले, काही न बोलता टोपली आणली आणि मुलींचे मोबाइल गोळा करायला आत गेल्या.