हिब्रूतील दिशा आणि आपले ‘घरी’

उगवतीकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे हिब्रू भाषेतील दिशांचा निम्मा उलगडा होतो. जुन्या हिब्रूत ‘केदेम’ म्हणजे समोरची बाजू. तीच पूर्व, आणि तोच प्राचीन काळही. उजव्या बाजूला ‘यामीन’ म्हणतात, आणि त्याच मुळापासून ‘तेमान’, म्हणजे दक्षिण, हा शब्द निघाला. संस्कृतातही पूर्व म्हणजे पुढचे व आधीचे, दक्षिण म्हणजे उजवे, पश्चिम म्हणजे मागचे. दोन भाषांची कुळे निराळी असून हा मेळ बसतो! पश्चिमेला मात्र तोरामध्ये ‘याम’, म्हणजे चक्क समुद्र, म्हटले आहे. भूमध्य समुद्र त्या देशाच्या पश्चिमेस पसरलेला. आपल्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

या कोकणातून आणि मुंबईतून 1948 नंतर हजारो बेने इस्रायल लोक इस्रायलात गेले. त्यांची घरची भाषा मराठी. हिब्रू मुख्यतः प्रार्थनेची. तेथे तीच रस्ता विचारण्याची भाषा झाली, आणि मराठी माणसाची खरी अडचण येथेच आहे. आपण ‘मी घरी आहे’ म्हणतो आणि ‘मी घरी जातो’ असेही म्हणतो. एका ‘घरी’त दोन्ही भागते. हिब्रूत भागत नाही. घरात असणे ‘बाबाइत’, घराकडे जाणे ‘हाबाइता’. जाण्याच्या अर्थी ‘बाबाइत’ म्हटले, तर घरातल्या घरात येरझारा घालतो असे ऐकणाऱ्यास वाटावयाचे.

शेवटी लागलेला हा ‘आ’ फार जुना असून तो ‘कडे’ असे सांगतो. ‘यामीना’ म्हणजे उजवीकडे, ‘स्मोला’ म्हणजे डावीकडे, ‘कादीमा’ म्हणजे पुढे. हा शेवटचा ‘केदेम’चाच नातलग. उच्चारताना जोर या ‘आ’वर द्यावयाचा नाही, ‘हाबाइता’त तो ‘बा’वर पडतो. सगळ्याच नामांना मात्र हा ‘आ’ लावता येत नाही. बाजाराला जावयाचे तर आधी ‘ल’ जोडून ‘लाशूक’ म्हणावे.

आपल्या ‘कुठे’चेही तसेच दोन तुकडे होतात. ‘एफो’ म्हणजे कोठे आहे, ‘लेआन’ म्हणजे कोठे चाललास. रस्त्यावरची माणसे अलीकडे ‘लेएफो’ असेही सर्रास म्हणतात. शुद्धलेखनाचे मास्तर त्यावर नाक मुरडतात, पण विचारणाऱ्याला बस बरोबर मिळते.