शिष्यवृत्ति आणि डॉक्टरीचा खर्च

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील एक पत्र घेऊन आम्हांस भेटावयास आले. मुलगा नीटच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला होता. जवळच्या शहरांतील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत त्यास जागा मिळाली होती, आणि गुणवत्तेबद्दल दरसाल ५०,००० रुपयांची शिष्यवृत्ति देण्याचें त्या संस्थेनें कळविलें होतें. पुढील फेरींत गोंदियाच्या सरकारी महाविद्यालयांत जागा मिळण्याचाहि संभव होता. परंतु तेथें असा कांहीं बहुमान नाहीं, शिवाय गांव दूर. "गुरुजी, मान मिळतो आहे तो सोडून पोराला इतक्या लांब कशाला धाडूं?" असा त्यांचा प्रश्न होता. पत्र त्यांनीं प्लास्टिकच्या पिशवींत जपून आणलें होतें. शेताचा एक तुकडा विकावयाचा कीं ठेवावयाचा, हें त्या पत्राच्या उत्तरावर अवलंबून होतें. म्हणून त्या दिवशीं आम्ही कागद पुढें ओढून हिशेबच मांडला. तोच येथें थोड्या विस्तारानें देत आहों. कारण आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं यंदाहि हाच प्रश्न उभा राहील.

एम्. बी. बी. एस्. चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यापुढें एक वर्ष रुग्णालयांत इंटर्नशिप करावी लागते. हिशेबासाठीं आम्हीं खासगी महाविद्यालयाची फी दरसाल १० लाख रुपये धरली. प्रत्यक्षांत ती कोठें कमी, कोठें अधिक असते; आणि कांहीं अभिमत विद्यापीठांत तर ती वीस लाखांच्याहि पुढें जाते. वसतिगृह, खानावळ, पुस्तकें, जाणें-येणें मिळून आणखी २ लाख धरले. म्हणजे वर्षाचा खर्च १२ लाख झाला. त्यांत ५०,००० म्हणजे चोविसावा हिस्सा, रुपयामागें चार पैशांहून किंचित् अधिक! सरकारी महाविद्यालयाची फी सव्वा लाख आणि इतर खर्च सव्वा लाख धरला, तर वर्षाचे अडीच लाख होतात. तीच शिष्यवृत्ति तेथें मिळती, तर ती खर्चाचा पांचवा हिस्सा ठरती. रक्कम एकच, पण एका ठिकाणीं ती चिमूटभर, आणि दुसऱ्या ठिकाणीं ओंजळभर.

मग साडेचार वर्षांची बेरीज केली. शिष्यवृत्ति घेऊन खासगी महाविद्यालयांत पावणेबावन्न लाख. शिष्यवृत्तीवांचून गोंदियास सव्वाअकरा लाख. मधलें अंतर साडेचाळीस लाखांचें, आणि ज्या पत्रासाठीं मन अडून बसलें होतें त्याची एकूण किंमत सव्वादोन लाख. तें पाहून ते गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. आकडे आमच्याच हातानें लिहिलेले असूनहि आम्हांस ते पुन्हां एकदां तपासून पाहावेसे वाटले.

उरलेला पैसा कोठून येणार, हाहि प्रश्न शिष्यवृत्तीइतकाच महत्त्वाचा आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर काढावयाचें झाल्यास बँक साधारणतः घर किंवा जमीन तारण मागते. समजा, ४० लाखांचें कर्ज दरसाल दरशेंकडा १० व्याजानें उभें राहिलें, तर वर्षाचें नुसतें व्याज ४ लाख होतें. ५०,००० ची शिष्यवृत्ति ह्या व्याजाला दीड महिना पुरेल. शिवाय एम्. बी. बी. एस्. झाल्यावर विद्यार्थ्यास पुढें एम्. डी. किंवा एम्. एस्. साठीं आणखी तीन वर्षें घालवावीशीं वाटतात. डोक्यावर मोठें कर्ज असलेला तरुण तीं वर्षें शांतपणें अभ्यासांत घालवूं शकत नाहीं, आणि लहान गांवांत दवाखाना थाटण्याची त्याची इच्छा असली तरी बँकेचा हप्ता त्यास शहराकडे ओढतो.

येथें एक गोष्ट पालकांच्या विशेष ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. गुणांबद्दल मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा गाजावाजा होतो, वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें. परंतु तहसील कचेरींतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला कित्येकदां तिच्याहून फार अधिक मोलाचा असतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ति योजनेंत, ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत आहे अशा पात्र विद्यार्थ्याच्या शिक्षणशुल्काचा अर्धा भाग राज्य सरकार देतें. दहा लाखांच्या फीवर ही रक्कम पांच लाख झाली. म्हणजे त्या मानाच्या पत्राच्या दहापट. २०२४ सालीं सरकारनें आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास ह्या वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क संपूर्ण माफ केलें. अनुसूचित जाति व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीं निराळ्या योजना पूर्वीपासून आहेत. अशी मदत धरली म्हणजे खासगी व सरकारी जागांमधील अंतर पुष्कळ कमी होतें. तें बुजतेंच असें मात्र नाहीं. कोणत्या वर्गास कोणत्या संस्थेंत काय लागू आहे, हें प्रवेशाच्या आधींच विचारून घ्यावें.

मात्र ह्या योजनांची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंतून मिळालेल्या जागेसच त्या लागू होतात; संस्थेच्या स्वतःच्या कोट्यांतून किंवा अनिवासी भारतीयांच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस होत नाहींत. अर्ज दरवर्षीं महाडीबीटी पोर्टलवर नव्यानें भरावा लागतो. पैसे सरकारकडून येण्यास विलंब लागतो, आणि तोंवर एखादी संस्था आधीं सर्व फी मागते. आमच्या ओळखीच्या एका घरानें ह्यासाठीं सोनें गहाण ठेवलें. पैसे आले ते पुढच्या वर्षीं, आणि मधल्या काळाचें व्याज त्यांस कोणीहि परत दिलें नाहीं. तेव्हां शिष्यवृत्ति किती, ह्याबरोबरच ती हातीं केव्हां पडते हेंहि विचारलें पाहिजे.

शिवाय ती कशासाठीं आहे, हेंहि पाहावें. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचें उदाहरण महाराष्ट्रास परिचित आहे. १८८३ सालच्या एप्रिलमध्यें त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयानें त्यांस शिष्यवृत्ति दिली, आणि १८८६ च्या मार्चमध्यें त्या एम्. डी. झाल्या. परंतु प्रवासाच्या खर्चासाठीं त्यांस अंगावरील सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या होत्या. न्यू जर्सीमधील कार्पेंटरबाईंनीं त्यांस स्वतःच्या मुलीसारखें घरांत घेतलें नसतें, तर केवळ शिष्यवृत्तीच्या बळावर तें शिक्षण झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें फिलाडेल्फियाच्या कडक थंडींत, न मानवणाऱ्या अन्नावर त्यांची प्रकृति ढासळली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांस पुरतीं बावीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. महाविद्यालयाची फी भागली म्हणजे ऊबदार खोली व पोटभर जेवण मिळालें असें होत नाहीं. आजहि शिक्षणशुल्क माफ झालेल्या मुलाची गाडी खानावळीच्या बिलापाशीं अडते. त्यासाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार ह्यांसारख्या योजना आहेत. त्यांतील रक्कम लहान दिसते, पण दरमहाच्या पोटापाण्याशीं तिची गांठ असल्यामुळें तिचें मोल फार.

कांहीं ठिकाणीं मदतीचा मोबदला पैशानें नव्हे, सेवेनें द्यावा लागतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षण मोफत मिळतें, परंतु पुढें सैन्याच्या वैद्यकीय सेवेंत दाखल व्हावें लागतें. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर ह्यांनीं १९१८ सालीं स्त्रियांसाठीं सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचें आज प्रसिद्ध ख्रिस्ती महाविद्यालय झालें आहे. तेथील फी खासगी संस्थांच्या मानानें अत्यल्प असून, चर्चच्या पुरस्कारानें प्रवेश घेणाऱ्यांस नंतर ठराविक काळ मिशनच्या रुग्णालयांत काम करावें लागतें. महाराष्ट्रांतील सरकारी महाविद्यालयांतून शिकलेल्यांवरहि एक वर्षाच्या सरकारी सेवेचें बंधन आहे. पुष्कळ पालक ह्या बंधनास भितात. आमच्या मतें ज्या मुलास रोग्यांची सेवा करावयाचीच आहे त्यानें भिण्याचें कारण नाहीं. त्या वर्षांत पगारहि मिळतो, आणि खेड्यांतील दवाखान्यांत एकट्यानें जबाबदारी घेतांना जें शिकावयास मिळतें तें मोठ्या रुग्णालयांत सहसा मिळत नाहीं. मात्र सही करण्यापूर्वीं करार शब्दशः वाचावा, आणि तो मुलानें स्वतः वाचावा.

लहान शिष्यवृत्ति क्षुल्लक असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. सरकारी जागा मिळालेल्या गरीब मुलास वीस हजारांचीहि मदत कधीं शिक्षण तारून नेते. पण कोणत्या महाविद्यालयांत जावयाचें हें आधीं ठरवावें, आणि शिष्यवृत्तीचा विचार त्यामागून करावा. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनीं हाच क्रम उलटा धरला होता, आणि त्यांत नवल तें काय? घराण्यांत पहिल्यानेंच कोणी डॉक्टर होत होतें, आणि पत्रावर मुलाचें नांव सुंदर छापलें होतें.

पुढच्या फेरींत मुलास गोंदियाची जागा मिळाली, आणि मुदतीच्या आंत त्यानें पहिली जागा सोडली. शेत राहिलें. दिवाळींत तो भेटावयास आला, तेव्हां निर्वाह भत्त्याचा अर्ज भरून झाला होता. पैसे अद्याप आले नव्हते. तोंवर खानावळीचे पैसे वडील दर महिन्यास दुधाच्या हिशेबांतून पाठवीत होते. तें मानाचें पत्र त्यांनीं फाडलें नाहीं, चौकट करून ओसरीवर लावलें आहे, असें तो हंसत सांगत होता.