टाइमशेअर आपलं, तिकीट कुणाचं?

अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑरलँडोची सहल ठरायला लागली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “आमचं तिथं टाइमशेअर आहे, डिस्नीची तिकिटंही स्वस्तात मिळतील.” पुण्याहून, नाशिकहून आजी-आजोबा आलेले असतात, सहा-सात तिकिटं काढायची असतात, त्यामुळे या वाक्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. काउंटरवर भ्रमनिरास झाला की मग दुसरं वाक्य येतं : “आम्ही मालक, आणि आम्हालाच सवलत नाही?” ही दोन्ही वाक्यं तपासून पाहायला हवीत, कारण त्यांच्या भरवशावर लोक हजारो डॉलर्सच्या करारावर सह्या करतात.

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक काळ राहण्याचा विकत घेतलेला हक्क. आधी हे टाइमशेअर कोणाचं, ते पाहू. ऑरलँडोच्या आसपास विंडम, हिल्टन, मॅरियट, वेस्टगेट अशा अनेक कंपन्यांची टाइमशेअर रिसॉर्ट्स आहेत. यांतल्या एकीचंही तिथं स्वतःचं थीम पार्क नाही. त्यांच्या लॉबीत तिकिटांचं टेबल असतं, पण तिथली तिकिटं अधिकृत विक्रेत्यांमार्फत आलेली असतात. तशीच थोडीफार सूट कुठल्याही पर्यटकाला मिळू शकते. तुमच्या मालकीशी तिचा संबंध नसतो. पार्क आणि टाइमशेअर दोन्ही एकाच छत्राखाली असलेलं तिथलं ठळक उदाहरण म्हणजे डिस्ने. त्यामुळे सवलतीचा खरा वाद डिस्नेपाशीच येऊन थांबतो.

डिस्ने व्हेकेशन क्लब १९९१मध्ये सुरू झाला. आज ‘ओल्ड की वेस्ट’ म्हणून ओळखलं जाणारं रिसॉर्ट हे त्याचं पहिलं ठिकाण. सभासद पॉइंट्स विकत घेतो, दरवर्षी ते वापरून खोली राखून ठेवतो, उरले तर पुढच्या वर्षात नेतो. याला मालकी म्हणतात, आणि कागदोपत्री ती खरीही आहे. पण ती एका ठरावीक रिसॉर्टमधल्या छोट्याशा हिश्श्याची, ठरावीक मुदतीची मालकी आहे. ओल्ड की वेस्टचे मूळ करार जानेवारी २०४२च्या अखेरीस संपतात. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कच्या दारापलीकडची एक वीटही या हिश्श्यात येत नाही. तेव्हा “डिस्नेत आमची मालकी आहे” हे म्हणणं निम्मंच खरं. मालकी निजण्याच्या जागेची आहे, खेळण्याच्या जागेची नाही.

“पण दरवर्षी एवढा मेंटेनन्स भरतो, त्याचं काय?” हा सगळ्यांत जोरात मांडला जाणारा मुद्दा, आणि मला तो सगळ्यांत कच्चा वाटतो. ते बिल आपल्या सोसायटीच्या बिलासारखंच असतं : मालमत्ता कर, विमा, साफसफाई, पोहण्याचा तलाव, कर्मचाऱ्यांचे पगार आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सिंकिंग फंड. त्यातला पैसा पार्क चालवायला जात नाही. आता समजा, तिकिटाची सवलत या बिलातूनच द्यायचं ठरलं. क्लबची काही रिसॉर्ट्स पार्कपासून फार दूर आहेत. व्हेरो बीच फ्लोरिडाच्या समुद्रकिनारी आहे, हिल्टन हेड साउथ कॅरोलायनात आहे, आउलानी तर हवाईत. तिथला सभासद फक्त समुद्रासाठी येत असेल, तर त्यानं दुसऱ्याच्या तिकिटाचा भार का उचलावा? फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्यानंही, म्हणजे तिथल्या संहितेच्या ७२१व्या प्रकरणानं, विक्रीच्या वेळी दाखवल्या जाणाऱ्या अशा जादा लाभांचा खर्च सामाईक खर्चात घालायला मज्जाव केला आहे. मला हा नियम न्याय्य वाटतो.

मग सभासदांना सवलत कधी मिळतच नाही का? मिळते, आणि ती कशी मिळते ते नीट बघण्यासारखं आहे. अगदी सुरुवातीच्या सभासदांना मुक्कामापुरता पार्कप्रवेश मोफत होता, पण १९९९ संपेपर्यंतच. पुढे सवलत आली ती मुख्यतः वार्षिक पासवर. सप्टेंबर २०२१मध्ये डिस्नेनं नवे पास काढले, तेव्हा सर्वांसाठी खुला असलेला पास १,२९९ डॉलर्सचा होता. ८९९ डॉलर्सचा दुसरा एक पास फक्त फ्लोरिडाचे रहिवासी आणि क्लबचे सभासद यांच्यासाठी होता. माणशी ४०० डॉलर्सचा फरक. मात्र स्वस्त पासावर काही गर्दीच्या दिवशी प्रवेश नव्हता. म्हणजे ख्रिसमसच्या सुट्टीतच येऊ शकणाऱ्या कुटुंबाला तो फारसा उपयोगाचा नव्हता. शिवाय वर्षातून एकदाच चार दिवस येणाऱ्याला वार्षिक पास लागतोच कशाला? त्याला साधी चार दिवसांची तिकिटं काढावी लागतात, आणि तिथं सभासद म्हणून त्याच्या हाती फारसं काही पडत नाही.

पुढचा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्नेनं या पासांची नवी विक्री थांबवली. ती पुन्हा सुरू झाली एप्रिल २०२३मध्ये. मधल्या जवळपास दीड वर्षात ज्यांनी पासच्या आशेनं पॉइंट्स घेतले, त्यांच्याकडे मालकी होती, पण नवा पास विकत मिळत नव्हता. करार मोडला गेला का? नाही, कारण पास हा कराराचा भागच नव्हता. सवलत म्हणजे कंपनीनं दिलेली सोय. ती द्यायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि ती केव्हा काढून घ्यायची हेही कंपनीच ठरवते.

जुन्या सभासदाकडून स्वस्तात पॉइंट्स घेणाऱ्यांनी तर याकडे आणखी लक्ष द्यावं. ४ एप्रिल २०१६पासून अशा पुनर्विक्रीत घेतलेल्या पॉइंट्सवर जादा सवलती मिळत नाहीत. खोली मिळते, पासची सूट नाही. याउलट ऑरलँडोतल्या डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्या प्रत्येकाला पार्क अर्धा तास आधी उघडून मिळतं, मग तो सभासद असो वा एका रात्रीचा पाहुणा. तो लाभ खोलीबरोबर येतो, आणि मुलं लहान असतील तर सकाळचा तो अर्धा तास सूट मिळालेल्या काही डॉलर्सपेक्षा मोलाचा ठरतो.

तेव्हा सभासदांना सवलत मिळायला हवी का? हक्क म्हणून नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण विक्रेत्यानं सवलत दाखवूनच पॉइंट्स विकले असतील, तर ती किती वर्षांसाठी आहे आणि कधी बंद होऊ शकते, हे त्याच टेबलावर, त्याच सुरात सांगितलं गेलं पाहिजे. सभासदांची मागणी असायला हवी ती याची.

आता सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. ऑरलँडोत तिकिटावर मोठी सूट बहुधा मालकांना मिळत नाही, ती मिळते अजून मालक न झालेल्यांना. किसिमीतल्या १९२ क्रमांकाच्या रस्त्यावर किंवा इंटरनॅशनल ड्राइव्हवर फलक दिसतात : तिकिटं अर्ध्या किमतीत. त्याची किंमत म्हणजे टाइमशेअरचं प्रेझेंटेशन. दीड-दोन तासांचं म्हणून बसवतात, आणि नाही म्हटलं की टेबलावर एक नवा, आणखी वरचा माणूस नवा आकडा घेऊन येतो. सुट्टीवर आलेले, मुलं कंटाळलेली, अशा वेळी सही होऊन जाते. त्याच रस्त्यांवर अर्धवट वापरलेली बहुदिवसीय तिकिटं विकणारेही भेटतात. फ्लोरिडात हा गुन्हा आहे, आणि डिस्नेच्या दारावर बोटांचा ठसा जुळवून पाहतात, त्यामुळे ते तिकीट चालतही नाही.

सही झालीच, तर फ्लोरिडाचा कायदा १० दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क देतो. या दिवसांत शनिवार-रविवारही मोजले जातात. हा हक्क सोडून द्यायला कोणी लावलं, तरी तो सुटत नाही. रद्द करण्याची सूचना मात्र लेखी हवी, आणि करारात दिलेल्या पत्त्यावर पाठवायला हवी.

आपल्याकडेही मॉलमध्ये कूपन भरलं की टाइमशेअर विकणाऱ्यांचा फोन येतो, “तुम्हाला गिफ्ट लागलंय, मिस्टर-मिसेस दोघांनी या.” भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. फसगत झाली, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे दाद मागता येते, आणि तिथं करारातला मजकूर वाचला जातो. हॉटेलच्या हॉलमध्ये पार्कच्या तिकिटांचं आश्वासन मिळालं असेल, तर ते मुदतीसह, कंपनीच्या सही-शिक्क्यानिशी करारात लिहून घ्यावं. लिहून द्यायला समोरचा तयार नसेल, तर गिफ्ट तिथंच ठेवून उठावं.