वनविद्या आणि शब्दार्थ

वनात राहण्याची विद्या जाणत्या वाटाड्याकडून शिकणे हे केवळ हस्तकौशल्याचे शिक्षण नव्हे. ते शब्दार्थाचेही शिक्षण होय. फिलिपाईन्समधील मिंदोरो बेटाच्या दक्षिण भागात राहणाऱ्या हानुनोओ लोकांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी १९५५ साली त्यांच्या रंगवाचक शब्दांचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यात मूलभूत वर्ग चारच आढळतात. ते काळा, पांढरा, तांबडा व हिरवा यांच्याशी स्थूलमानाने जुळतात. परंतु नुकत्याच तोडलेल्या बांबूचा ओला, तकतकीत, तपकिरी तुकडा हे लोक ‘मालातुय’ या हिरव्या वर्गात घालतात. वाळून पिवळा पडलेला बांबू मात्र ‘मारारा’ या तांबड्या वर्गात जातो. कारण या शब्दांत रंगाबरोबर ओलेपणा व शुष्कताही अभिप्रेत आहे. केवळ रंगीत पट्ट्या दाखवून हा अर्थ पुरता उमगणार नाही. त्यासाठी जाणत्याच्या सोबतीने बांबू तोडावा व हाताळावा लागतो. तेव्हा क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावलीइतकेच महत्त्व या सहवासाला द्यावे. विद्या जाणणारी पिढी नाहीशी झाली, तर कोशात शब्द उरेल. त्याचा अर्थ उरेलच असे नाही.